एफ-एट दाबलंत का?

प्लॅनवाले काका तुमच्या ओळखीचे आहेतच, तेव्हा त्यांचं नाकीडोळी वर्णन करत बसत नाही. बँकेतून निवृत्त, खिशात पाच मीटरचा टेप, लॅपटॉपवर स्वतःच्याच दोन बेडरूमच्या फ्लॅटचा नकाशा आणि फाइलचं नाव ‘फायनल नवीन खरंच फायनल ११’. कुणाचंही ड्रॉइंग कशानेही अडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘एफ-एट दाबलंत का?’ ऑटोकॅडमध्ये हे बटण दाबलं की रेघ आडवी नाहीतर उभीच जाते, पुन्हा दाबलं की मोकळी सुटते. म्हणजे भिंत तिरकी जात असेल तरी उपाय एफ-एट, आणि तिरकी हवी असून जात नसेल तरी एफ-एट. पोट बिघडलं तरी ओवा आणि बिघडू नये म्हणूनही ओवा, त्यातलाच हा प्रकार. स्वीट होम थ्रीडी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भिंती सरळ ठेवायचं काम मॅग्नेटिझम नावाचा पर्याय करतो, पण काका तिथेही आधी एफ-एट दाबून बघतात. प्रिंटरने कागद गिळला तरी त्यांचं बोट सवयीने तिकडेच जातं.

रिकामटेकडा माणूस, दर महिन्याला स्वयंपाकघर इकडून तिकडे हलवतो, असं घरचे म्हणतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. काकांना ओटा हलवायचाच नसतो. वीस वर्षांपूर्वी बसवलेला कडप्पा अजून जागच्या जागी आहे. त्यांना हवं असतं न जुळणारं काहीतरी, जे जुळवता येईल. हॅच भरत नाही, असं कुणी सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघावा. खोलीत लादीची नक्षी भरायची तर चारही बाजूंच्या रेघा एकमेकींना टेकलेल्या लागतात. कुठेतरी फट राहिली की प्रोग्रॅम हात वर करतो. काका मग भिंतीवर झूम करत करत जातात आणि संडासाच्या दारामागे दोन मिलिमीटरची फट पकडतात. दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत लेजर चाळणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर याहून चांगलं व्यसन कुठून मिळणार? शिवाय हा छंद जुन्या घराण्याचा आहे. ऑटोकॅड आलं १९८२ मध्ये, पण १९६३ मधल्या इव्हान सदरलँडच्या ‘स्केचपॅड’मध्येही हाताने ओढलेली वेडीवाकडी रेघ यंत्राकडून काटकोनात आणून घेता येत होती.

पण लोकांचा फायदा होतो ना, असं कुणी विचारेल. होतो, नाकारत नाही. इंचातला सोफासेट मिलिमीटरच्या नकाशात आकडे तसेच ठेवून आला, की सहा फुटी दिवाण ७२ मिलिमीटरचा होतो, काडेपेटीहून जरा लांब. पोरं सोफा हरवला म्हणून नेटवर शोधत बसतात, काका ‘२५.४ने मोठा करा’ एवढंच म्हणतात (अर्थात एफ-एट दाबून झाल्यावर). स्केचअपमध्ये टेबल उचलताना खालची जमीन तंबूसारखी वर येते, तेव्हा ‘आधी ग्रुप करा, मग हलवा’ हा सल्ला त्यांचाच. उडालेली फाइल शेजारच्या ‘बॅक’ फाइलचं नाव बदलून ‘डीडब्ल्यूजी’ केलं की निदान आधीच्या सेव्हपर्यंतची परत मिळते, हेही इमारतीत त्यांनाच ठाऊक. आणि २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या आडभिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही, हे बिल्डरच्या सेल्समनला ऐकवताना त्यांचं वय दहा वर्षांनी उतरतं.

घोळ होतो तो प्रत्यक्ष भिंतीशी. पडद्यावरचा कोपरा नव्वद अंशांचा म्हणजे नव्वदच. गवंडी तीन-चार-पाचचं माप धरून गुण्या लावतो खरा, पण वर गिलावा चढतो, तो कुठे अर्धा इंच, कुठे पाऊण, आणि काटकोन हळूच पाऊल मागे घेतो. म्हणून जाणता सुतार कपाटाचं माप खाली, मध्ये आणि वर असं तीनदा घेतो आणि त्यातलं सगळ्यात लहान धरतो. काका एकदाच घेतात, कमरेच्या उंचीवर, वाकायला नको म्हणून. मग कपाट वरच्या टोकाला अडतं, आणि सुताराच्या हातात रंधा असताना काका भिंतीकडे रोखून बघत असतात. भिंतीला एफ-एट नसतं, ही त्यांची खरी तक्रार. आर्किटेक्टही कॉम्प्युटरवरच काढतात की, हा त्यांचा बचाव तोकडा पडतो : आर्किटेक्टला साइटवर जाऊन गवंड्याशी भांडावं लागतं, काका भांडून येतात ते फक्त माउसशी.

इतकं सगळं असूनही त्यांच्यावर फार वेळ चिडता येत नाही, याचं कारण आणखी एक फाइल. तिला आकडा नाही, ‘फायनल’ही नाही; नाव नुसतं ‘खोली’. पुनर्विकासात पाडलेल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, ताबा सोडायच्या आदल्या दिवशी वहीत उतरवलेल्या मापांवरून काढलेली. त्या दिवशी काका खाली वाकले, स्टुलावरही चढले, कर्णसुद्धा मोजले : एक पंधरा फूट पाच इंच, दुसरा पंधरा फूट दहा. म्हणजे खोली चक्क कलंडलेली होती, आणि नकाशात ती तशीच कलंडलेली आहे. दाराजवळची मोरी, तिचा झिजलेला कठडा, भिंतीतला कोनाडा, चार जण पंगतीला बसले की तिरका ठेवावा लागणारा पाट, सगळं आपापल्या जागी. शेजारचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा कधी खांद्यावरून डोकावतो आणि म्हणतो, ‘काका, भिंत तिरकी गेलीय. एफ-एट दाबू?’

‘हात लावू नकोस.’