आला की आली?

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. भाच्याच्या मते ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी चित्रकथेतलं, म्हणजे मंगातलं, हांजे झोए हे पात्र पुरुष. भाचीच्या मते भाच्याला चष्म्याची गरज.

दोन्ही बाजूंचे पुरावे तयार आहेत. भाचीचा पहिला मुद्दा : झोए हे ग्रीक नाव, तेही बायकांचं. दुसरा : त्यावरच्या अ‍ॅनिमेतला आवाज रोमी पार्क या अभिनेत्रीचा. तिसरा : २०१५च्या चित्रपटात ही भूमिका केली सातोमी इशिहारानं. भाच्यानं चहाचा घोट घेऊन उलटतपासणी सुरू केली. ‘‘रोमी पार्कनंच ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधल्या एडवर्डला आवाज दिलाय. मग तोही मुलगी? आणि गोकू? १९८६पासून त्याचा आवाज मासाको नोझावा या आजीबाईंचा!’’ भाचीनं बिस्किट मोडलं, मत मोडलं नाही.

खुद्द जन्मदात्या हाजिमे इसायामांनी मात्र सगळं गुलदस्त्यात ठेवलं. ‘ही’ आणि ‘शी’ दोन्ही टाळा, असं इंग्रजी अनुवादकाला प्रकाशकांकडून बजावण्यात आलं. जपानीत हे निभतं. कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं आणि क्रियापद कुणाच्या भानगडीत पडत नाही. अशा रीतीनं २००९पासून २०२१पर्यंत मंगा सुखरूप पार पडली.

मराठीत पहिल्या पानावरच अडलं असतं. कुणी नुसतं दारातून आत पाऊल टाकलं, की क्रियापद सोसायटीच्या वॉचमनसारखं आडवं येतं : आला की आली? आदरार्थी बहुवचनाच्या मागच्या दारानं जावं, तर तिथंही वही उघडीच : आले की आल्या? ‘आलं’ म्हणावं, तर हांजेला, म्हणजे सर्व्हे कोअर या सैन्यदलाच्या चौदाव्या कमांडरला, पाळण्यात घातल्यासारखं वाटतं.

मी दोन पळवाटा शोधल्या. पहिली भविष्यकाळाची. ‘हांजे येईल’ यात कुणाला काही कळत नाही. पण मग पंचांगकर्त्यासारखी नुसती भाकितं करत बसावं लागतं. दुसरी पळवाट सकर्मक क्रियापदाची. हांजेनं दोन टायटन पकडले, त्यांची सॉनी आणि बीन अशी नावं ठेवली, सगळं बिनबोभाट. फक्त हांजेनं मराठीत हसायचं नाही, रडायचं नाही, खुर्चीवर बसायचं नाही. (मालिका बघायची असेल, तर पुढचं वाक्य गाळा.) मरणाचीही पंचाईतच होती, पण ‘हांजेनं प्राण सोडले’ म्हटलं आणि व्याकरणानं डोळे पुसले.

एवढ्यात भाचीला योगायोग सापडला. जपानच्या ताकाराझुका गावातल्या त्याच नावाच्या नाट्यसंस्थेत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. त्याच गावात वाढलेल्या ओसामु तेझुकांनी १९५३मध्ये मुलाचं एक आणि मुलीचं एक, अशी दोन हृदयं असलेली राजकन्या मंगात आणली. ताकाराझुका नाट्यसंस्थेचा पाया घातला गेला १९१३मध्ये. आणि बायकांच्या भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली तीही १९१३मध्येच! ‘‘म्हणजे हे सगळं आधीच ठरलेलं होतं!’’ भाची ओरडली. भाच्यानं प्रथमच मान डोलावली. पुराव्यानं भांडणं लागतात, योगायोगानं समेट होतो.

मला मात्र आमच्या पणजीच्या पिढीचं कौतुक वाटलं. त्या बायकांनी बालगंधर्वांचा पदर डोळ्यांत साठवला, घरी येऊन तसाच घेतला, आणि खाली कोण आहे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर कुणी सिद्ध करत बसलं नाही. तिकीट काढलं होतं ते गाणं ऐकायला.

हे भाचरांना सांगितलं. क्षणभर शांतता पसरली. मग दोघांनी एकदम विचारलं, ‘‘ते सोड. तुला स्वतःला काय वाटतं? हांजे तो की ती?’’

उत्तर याच सदरात आहे, पुन्हा वाचा. आणि वाचताच आहात, तर आणखी एक शोधा. हे सदर लिहिणारा हात मामाचा की मावशीचा? सिद्धान्त रविवारपर्यंत पाठवावेत. सोबत योगायोग जोडल्यास प्राधान्य.