केबलवाले भाऊंना सप्रेम रिचार्ज

केबलवाले भाऊ,

आषाढीच्या पहाटे अडीच वाजता आमच्या मातोश्री आंघोळ उरकून, देवापाशी दिवा लावून टीव्हीसमोर बसल्या होत्या. पंढरपूरची शासकीय महापूजा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवतात आणि ती त्या चुकवत नाहीत. पडद्यावर विठोबाऐवजी निळी पाटी आली: आपले सबस्क्रिप्शन संपले आहे. पैसे आदल्या दुपारीच तुमच्या पोराच्या हातात रोख दिले होते. त्याने ते मशीनमध्ये चढवले नाहीत, आणि बाराच्या ठोक्याला सेट-टॉप बॉक्सचा डबा मेला. अभिनंदन. पूजा करणाऱ्या मुख्यमंत्र्यांना थेट गाभाऱ्यात प्रवेश आणि आमच्या घरी मात्र साक्षात विठ्ठलाला दारातून परत पाठवलंत.

सह्याद्री फुकट आहे, बरं का. ती दाखवणं तुम्हाला कायद्यानेच बंधनकारक आहे. पण त्याच कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि केबलवरची प्रत्येक वाहिनी कुलूप लावूनच घरात सोडायची असं ठरलं. म्हणजे देव फुकट, किल्ली महिन्याच्या भाड्याने! आमच्या गच्चीवर एके काळी सिंहगडाकडे तोंड केलेला अँटेना होता. १९७३ पासून दूरदर्शन गडावरून पुण्यात उतरायचं. कावळा बसला की चित्र हलायचं, पण कुणाची थकबाकी आहे म्हणून ते कधी अडलं नाही. आता तीही वाट उरली नाही. दूरदर्शनने जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळपास गुंडाळलं.

पुण्यात घरोघरी डबा बसवायला ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. चित्र स्वच्छ दिसेल, असं सांगितलं होतं. दिसतं. निवेदिकेच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. त्यासाठी दोन रिमोट आले, त्यातला एक नेहमी उशीखाली असतो, आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीला वेगळा डबा लागला. २०१९ मध्ये निवडीचं स्वातंत्र्य आलं: एकही पैसेवाली वाहिनी न घेता आधी १३० रुपये, त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे सगळं आम्ही सोसलं. सवय झाली.

सोसत नाही ते उधारी जाणं. आई म्हणायची, "पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देते रे," आणि तुम्ही "राहू द्या काकू" म्हणत वहीत एक टिंब काढायचात. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तर तुम्ही पैशांचं नावच काढलं नाहीत. उलट येता-जाता "काका कसे आहेत?" विचारायचात. हे तुम्हाला परवडायचं कसं, ते मला फार उशिरा उमगलं. अख्ख्या गल्लीत तुमची वायर फिरलेली असायची आणि वरच्या कंपनीला मात्र तुम्ही मूठभरच घरं दाखवायचात. चॅनेलवाल्यांचे पैसे बुडायचे, सरकारचा करमणूक कर बुडायचा. तो चोरटा हिशोब बंद करायलाच डबा आला. चित्राचं कौतुक वरवरचं; डब्याचं खरं काम मोजणीचं. तुम्ही वर खोटं बोलायचात म्हणून खाली आम्हाला सांभाळून घ्यायचात. डबा खरं बोलतो आणि बाराला गळा धरतो.

आणि त्या मोजणाऱ्यांना काय हो कळतं? उभा जन्म घर ओढलेली बाई पहाटे अंधारात फोन कानाला लावून "मराठीसाठी दोन दाबा" ऐकत बसते, चष्मा शोधते, दोनच्या जागी तीन दाबते, मग तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकवतात. पैसे भरलेले असताना! तिने कुणाचं काय बुडवलं होतं? लाज वाटायला हवी. कुणाला वाटावी, एवढाच प्रश्न आहे.

तुम्हालाच वाटावी असं मी ठरवलं होतं. पण सकाळी तुम्ही आलात, आईसमोर खाली मान घालून उभे राहिलात आणि फोनवर कुणाला तरी म्हणालात, "सर, जरा चालू करून द्या ना, म्हाताऱ्या बाई आहेत." सर! ज्याला अख्खी गल्ली भाऊ म्हणते, तो माणूस एका घराचा टीव्ही लावायला कुणाला तरी सर म्हणतो.

तुमचं स्वतःचं चॅनेल होतं, भाऊ. रविवारी सीडीवरचा पिक्चर, गल्लीच्या गणपतीची मिरवणूक, खालच्या पट्टीत चिंगीला वाढदिवसाच्या शुभेच्छा. आता दरमहाच्या मूळ आकारातले ५५ टक्के वरच्या कंपनीचे आणि ४५ तुमचे, असा नियामकाच्या नमुना कराराचा हिशोब. तेवढ्यात पोराचा पगार, तुटलेली वायर आणि आमच्या शिव्या. बंद करायचं बटण तुमच्याकडे नाही आणि चालू करायचंही नाही.

तरी पोराला सांगा, पैसे घेतले की तिथंच उभं राहून मशीनमध्ये चढवायचे. आई यापुढे पावती हातात आल्याशिवाय त्याला दाराबाहेर जाऊ देणार नाही, आणि चहाही त्यानंतरच.

खाली नाव लिहीत नाही. तुमच्या फोनवाल्या ताईंना नाव चालत नाही, डब्याचा नंबर लागतो. तो डब्याच्या पोटाखाली चिकटवलाय, आणि वाचायला डबा उचलला की वायर निसटून चित्र जातं.

आपला,
पोटाखाली पाहणे