डबलसीटवाले सर

चिखलीच्या मेहकर फाट्यावर सकाळी साडेनवाच्या सुमारास अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांची रांग लागते. गाडीगणिक दोघं. पुढचे सर गाडी चालवतात आणि मागचे सर ती कशी चालवायची ते सांगतात. शिक्षकाने मुख्यालयी राहावं हा नियम दोघांनाही तोंडपाठ असतो, म्हणून तर दोघं इतक्या वेळेवर निघतात. मागच्या सरांच्या मांडीवर दोन्ही डबे, खांद्याला पिशवी, काखेत हजेरीपट आणि तोंडात सूचना. "ब्रेकर आलं." "म्हैस पाहा." "आता तिसऱ्यात टाका." "पुढचा ब्रेक नका दाबू, पलटी होते." पेट्रोलचा अर्धा वाटा पहिल्या तारखेला चोख मिळतो, त्यामुळे पुढचे सर ऐकूनही घेतात.

हेच डबलसीटवाले सर. हे एखाद्या माणसाचं नाव नाही, ही आपल्याकडची जात आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी ती सापडते, चिखलीत जरा जास्त. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून सुरू आहे आणि रेल्वे येईपर्यंत नोकरी कुणी थांबवून ठेवत नाही. एसटीची वेळ शाळेला जुळत नाही, काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. राहता राहिली सहकाऱ्याची मोटारसायकल. आधी राजदूत होती, मग एम-एटी आली, मग स्प्लेंडर आली. गाड्या बदलल्या, गाडीमालक बदलले, कुणाची बदली झाली तर कुणी निवृत्त झालं. सरांची मागची सीट मात्र कायम राहिली. उभ्या नोकरीत त्यांनी हँडलला हात लावला तो फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी लोटताना.

मग अठ्ठावन्नावं वर्ष येतं. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, मुख्याध्यापक "सरांची उणीव भासेल" असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कुणाचाही हॉर्न वाजत नाही आणि खरी उणीव कुणाला भासणार हे सरांच्या लक्षात येतं. बँकेत जायचं तर कुणाच्या मागे? बाजार समितीत सोयाबीनचा भाव पाहायचा तर कुणाच्या मागे? घरात बाईंची स्कूटी असते. बाई त्यावरून भाजी आणतात, भजनी मंडळात जातात, रेणुकादेवीच्या दर्शनाला जातात आणि "अहो, बसा मागं, सोडते मी" असंही म्हणतात. सर बसत नाहीत. आयुष्यभर कुणाकुणाच्या मागे बसलेल्या माणसाला बायकोच्याच मागे बसायची लाज का वाटावी, हे बाईंना अजून उमगलेलं नाही. बरं, मग स्कूटी स्वतः चालवा म्हटलं तर, "गिअर नाही ती गाडीच नव्हे" हा सिद्धान्त सर मांडतात. मागच्या सीटवरून इतकी वर्षं दुसऱ्याचे गिअर बदलल्यावर बिनगिअरच्या गाडीवर ते करणार तरी काय?

सुदैवाने मुलगा पुण्याला असतो आणि त्याची सव्वाशे सीसीची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली असते. दसऱ्याला तिला हार पडतो. एका दसऱ्याला सर हार घालतात, कुंकू लावतात आणि ताडपत्री परत टाकत नाहीत.

आता परवाना. कच्च्या परवान्याची परीक्षा 2021 पासून आधारच्या आधारावर घरबसल्या देता येते. सर इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसतात आणि कॉपीला वाव नको म्हणून बाईंना स्वयंपाकघरात पाठवतात. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. डॉक्टर जुना विद्यार्थी निघतो, तो उठून पाया पडतो आणि मग सरांनाच तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतो. पुढे गाडी शिकून पक्का परवाना हाती येतो तेव्हा त्यावरची तारीख पाहून सर गप्प होतात. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला परवाना पाचच वर्षांचा मिळतो. संध्याकाळी कट्ट्यावर मात्र ते सांगतात, "देवाच्या मनात काय आहे माहीत नाही, पण आरटीओने पाच वर्षं लेखी दिली आहेत."

ही जात चिखलीपुरती आहे असंही समजू नका. जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी 1885 मध्ये जर्मनीत गोटलीब डाइमलरने बनवली. तोल जाऊ नये म्हणून तिला दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावली होती. डाइमलर तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. गाडी त्याने केली, पण चालवायला मुलाला बसवलं. त्या प्रवासात इंजिनाच्या उष्णतेने सीट पेटली असं सांगतात. म्हणजे गाडीबद्दल सगळं ठाऊक असणं आणि गाडीवर बसणं या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या आहेत. सरांना हा दाखला सांगितला तर ते म्हणतात, "बघा, बाजूची चाकं काढायलाच नको होती."

शिकवायला येतो तो गॅरेजवाला पोरगा. हाही जुना विद्यार्थी, सातवीत गणितात गटांगळ्या खाल्लेला. बाजार सुटल्यावर बाजार समितीचं मोकळं आवार, पाठीला कबुतरं आणि पुढे भिंत. सर क्लच सोडतात, गाडी हिसका देते आणि बंद पडते. पुन्हा तेच. पोरगा मोठ्या आदबीने म्हणतो, "सर, एकदम नका सोडू. तुमी आमचा कान कसा सोडत जात होते? हळूहळू. तसाच क्लच सोडा." पुढच्या खेपेला गाडी लोण्यासारखी निघायला हवी होती. ती निघत नाही, पण सरांचं तोंड बघण्यासारखं होतं.

सरांची मूळ अडचण अशी की ते जन्मभर मुलांना "सावकाश" शिकवत आले आणि मोटारसायकल सावकाश चालत नाही. चाकं फिरत असली की गाडी आपला तोल आपण धरते. वेग माणूस चालतो तितका खाली आला की सगळा भार माणसावर पडतो. सर सुरक्षित म्हणून अगदी हळू जातात आणि हळू जातात म्हणूनच डुलतात. डुलले की घाबरतात आणि घाबरले की आणखी हळू होतात. तो सव्वाशे किलोच्या घरातला ऐवज मग चहाच्या टपरीसमोर, भर गर्दीच्या वेळी, गिट्टीवर पाय घसरून अलगद आडवा होतो. लागत काहीच नाही. पण उचलायला धावून येणारे चौघंही "लागलं का, सर?" असंच विचारतात, कारण चौघंही विद्यार्थी.

दुसरी अडचण नजरेची. माणूस जिकडे बघतो तिकडेच गाडी जाते. खड्डा दिसला की सर त्याच्याकडे टक लावून पाहतात, आणि सगळा रस्ता मोकळा सोडून नेमके त्या खड्ड्यात जातात. "खड्ड्याकडं पाहू नका, सर, बाजूच्या रस्त्याकडं पाहा," पोरगा सांगतो. सर चिडतात, "अरे, पाहिलं नाही तर चुकवू कसा?" चिखलीच्या रस्त्यांवर त्यांचा हा प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट पुढच्या ब्रेकची. "पुढचा ब्रेक नका दाबू" हा सरांचा मागच्या सीटवरचा सगळ्यात आवडता मंत्र. आता तोच त्यांच्या हाती येतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. इतक्या सहकाऱ्यांना त्यापासून परावृत्त करूनही सगळे धडधाकट निवृत्त झाले, याचं श्रेय सर आता गजानन महाराजांना देतात.

पण खरी परीक्षा आवाराच्या फाटकाबाहेर असते. चिखलीत सरांना ओळखत नाही असा माणूस नाही. किराणावाला, वकील, ट्रॅक्टरवाला, पोलीस, सगळ्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. त्यामुळे दर वीस पावलांवर "नमस्कार, सर!" आणि सर जुन्या वळणाचे, नमस्काराला हात उचलल्याशिवाय राहत नाहीत. उजवा हात उचलला की अॅक्सिलेटर सुटतो, डावा उचलला की क्लच सुटतो. गाडी बंद पडते. मागचा हॉर्न वाजवतो आणि त्यालाही सर वळून नमस्कार करतात.

त्यातच गावाचा शिकवण्याचा उत्साह. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं मिटून-उघडून इशारा करतो: दिवा सुरू आहे. सर बटण शोधतात. बटणच नसतं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो, तो बंद करायची सोयच ठेवलेली नाही. सर हे प्रत्येकाला थांबून समजावतात. शिक्षकच ते. समजावण्यासाठी थांबतात, बाजूचं स्टँड लावतात, धडा संपला की स्टँड तसंच ठेवून गिअर टाकतात आणि गाडी बंद. या नव्या गाडीला स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप थांबतं. सर पेट्रोलचं झाकण उघडून आत डोकावतात, प्लगची वायर हलवून पाहतात, टायर दाबून पाहतात. शेवटी शाळा सुटलेलं एक चिमुरडं पोर सायकलवरून जाता जाता ओरडतं, "सर, स्टँड वर घ्या न!" सर त्याचं नाव विचारतात, इयत्ता विचारतात आणि शाबासकी देतात. देणार काय दुसरं?

हेल्मेटचा शोध या सगळ्यानंतर लागतो. नियम म्हणून नव्हे. तोंडावर काच घेतली की कुणी ओळखणार नाही, नमस्कार होणार नाही, गाडी बंद पडणार नाही, हा साधा हिशेब. हेल्मेट घालून सर मोठ्या ऐटीत बसस्थानकापर्यंत जातात. तिथे चार ठिकाणांहून आवाज येतो, "नमस्कार, सर!" गावात इतकं बंद हेल्मेट चढवून, काच खाली घेऊन, बैलगाडीच्या वेगाने जाणारा माणूस एकच आहे आणि तो कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. डोकं सुरक्षित राहिलं हा फायदा मात्र पदरात पडतो.

यातून मार्ग निघतो तो मानेचा. एक दिवस सर दोन्ही हात जागच्या जागी ठेवून नुसती मान हलवतात. गाडी चालत राहते. जगही बुडत नाही, नमस्कार करणाऱ्यालाही राग येत नाही. मग मानेवरून ते हॉर्नवर येतात. "नमस्कार, सर" ला "पीप". चिखलीत सर गाडी शिकले हे त्या दिवशी जाहीर होतं.

मग मुलूख वाढू लागतो. आधी दूध, मग पेन्शनची बँक, मग जाफ्राबाद रोडवरचं शेत. शेताच्या वाटेवर पऱ्हाट्यांनी लादलेली बैलगाडी आडवी येते, मेंढरं येतात, एका बाजूला झुकलेली सोयाबीनची ट्रॉली येते. सर सगळ्यांना रस्ता देतात. आणि एका सकाळी कुणाला न सांगता बुलढाण्याच्या रस्त्याला लागतात, केळवद मागे टाकतात आणि वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन जिल्ह्याच्या गावी चहा पिऊन परत येतात. काम काही नसतं. संध्याकाळी कट्ट्यावर तो चहा अर्धा तास पुरतो. सैलानीच्या यात्रेचे दिवस तेवढे वगळायचे, इतकं तारतम्य सरांनी ठेवलेलं आहे. त्या गर्दीत ते गाडीला कुलूप घालतात आणि "यात्रा पायीच करावी" असं सांगतात.

शेवटी बाई मागे बसतात. साडी सावरून, पिशवी मांडीवर घेऊन, एका हाताने सीटची पट्टी घट्ट धरून. गल्लीच्या तोंडाशीच सुरू होतं: "अहो, ब्रेकर." "म्हैस." "इतका लवकर काय चौथा टाकता?" आणि बाईंचं सगळं बरोबर असतं, कारण त्या सरांच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर आहेत. सरांना त्या क्षणी आपल्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांची कीव येते. त्यातल्या दोघा-तिघांना त्यांनी फोनही केला. "इतकी वर्षं तू बोलला कसा नाहीस?" असं विचारलं. उत्तर एकच आलं: "सर, तुम्ही अर्धं पेट्रोल देत होते न."

उतारवयात गाडी शिकणाऱ्याला भीती गाडीची नसते, चारचौघांची असते. ज्या गावाने आपल्याला कायम शहाणं म्हणून पाहिलं, त्या गावापुढे भरचौकात "ढ" व्हायची तयारी झाली की क्लच, गिअर, ब्रेक आपोआप जमतात. सरांनी ती दाखवली, आणि हे त्यांनी वर्गात शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठं आहे.

तेव्हा मेहकर फाट्यावर असे एखादे सर पुढे दिसले तर मागून हॉर्न वाजवू नका, त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या. दिव्याचा इशारा करू नका, तो मुद्दाम सुरू आहे. नमस्कार गाडी उभी असतानाच करा. स्टँड खाली दिसलं तर मात्र बिनधास्त ओरडा. सर रागावणार नाहीत, फार तर तुमची इयत्ता विचारतील.