सगळ्यांचा नंबर पहिला

प्रिन्स्टन जंक्शन हे स्टेशन प्रिन्स्टनमध्ये नाही, आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये आहे. नाव शेजाऱ्यांचं, गर्दी आमची. खुद्द प्रिन्स्टनला जायला इथून ‘डिंकी’ नावाची छोटी गाडी सुटते. तिच्या मार्गावर स्टेशनं दोनच आणि अंतर साडेचार किलोमीटरही नाही, त्यामुळे तिच्या वेळापत्रकासाठी कोणाला डोकं खाजवावं लागत नाही. मोठ्या मार्गाचं तसं नाही. सकाळी न्यूयॉर्कच्या लोकलसाठी फलाटावर उभं राहावं, तर मधल्या रुळांवरून ॲमट्रॅकची असेला ही वेगवान गाडी आमच्या टोप्या उडवत निघून जाते. रूळ ॲमट्रॅकचे आहेत. दोन गाड्या एकदम आल्या तर बाजूला कोणी व्हायचं, यावर फलाटावर कधी वाद झालेला मी ऐकला नाही.

रेल्वेला हे जमतं. कारखान्यांना जमत नाही आणि त्यावर माझं घर चालतं.

कारखान्यांना उत्पादनाचं नियोजन करून देणारं सॉफ्टवेअर बसवणं हा माझा धंदा. कोणती ऑर्डर कोणत्या मशिनवर कधी लावायची ते हे सॉफ्टवेअर ठरवतं. काम वाटतं तेवढं सोपं नाही. मशिन एकच आणि ऑर्डरी फक्त दहा असल्या, तरी त्या लावण्याचे ३६,२८,८०० क्रम होतात. म्हणून प्रत्येक ऑर्डरीसमोर प्रायॉरिटीचा एक रकाना दिलेला असतो. १ म्हणजे सर्वांत आधी, ९ म्हणजे सवडीने.

या रकान्याइतका भाबडा रकाना जगात दुसरा नसेल. शाम्पू आणि लोशनच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात आम्ही तो सुरू केला, तेव्हा पहिल्या आठवड्यात १ पासून ९ पर्यंत सगळे आकडे गुण्यागोविंदाने नांदत होते. महिना संपेपर्यंत सगळ्या ऑर्डरी १ झाल्या. मग विक्रीखात्याच्या साहेबांनी विचारलं, शून्य टाकता येईल का? पुढच्या महिन्यात सगळं शून्य. तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे वजा एकची मागणी केली. आपण मागतोय त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसत नव्हतं. आठवीतला गणिताचा तास त्यांनी वाया घालवला नव्हता, एवढं मात्र सिद्ध झालं.

प्रत्यक्षात तो कारखाना चालायचा फोरमनच्या खिशातल्या पिवळ्या चिठ्ठीवर. सकाळपासून ज्याचा फोन सर्वांत जोरात आला, त्याचं नाव चिठ्ठीत वर. आमच्या लाखो डॉलरच्या सॉफ्टवेअरने रात्रभर गणित करून काढलेल्या रंगीत पट्ट्या भिंतीवर शोभेला असायच्या. या पट्ट्या ज्याच्या नावाने ओळखल्या जातात तो हेन्री गँट आमच्याच राज्यातल्या होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १८८४ साली इंजिनिअर झालेला. त्याने हे पाहिलं नाही, हे त्याचं नशीब.

असं नाही की शास्त्राकडे उत्तरं नाहीत. उलट फार आहेत. आधी आलेल्याला आधी घ्या, हा रेशनच्या रांगेचा नियम. सर्वांत छोटं काम आधी घ्या, म्हणजे सरासरी ताटकळणं कमीत कमी होतं. मात्र मोठ्या कामाने जन्मभर दाराशी उभं राहायचं. ज्याची तारीख आधी त्याला आधी घ्या, म्हणजे सर्वांत जास्त रखडलेली ऑर्डरही कमीत कमी रखडते. हे जॅक्सन नावाच्या गृहस्थाने १९५५ साली सिद्ध करून ठेवलं आहे. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ साली चक्क कादंबरी लिहून सांगितलं, की कारखान्यातलं काम सर्वांत जास्त अडवणारं मशिन शोधा आणि बाकीच्यांना त्याच्या तालावर चालवा. कादंबरी प्रचंड खपली. तिची एक प्रत त्या विक्रीसाहेबांच्या कपाटातही होती. वर कॉफीचा कप ठेवलेला असायचा.

त्या वर्षी आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या. पिंपरीच्या एका कारखान्यात पीपीसी खात्यातून, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोलमधून, त्या निवृत्त झालेल्या. मी काय काम करतो हे आमच्या घरात फक्त त्यांनाच कळतं, आणि तेच मला अडचणीचं होतं. दिवाळीचा फराळ त्या करणार असल्याची बातमी फुटल्यावर वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरोमधून मागण्या सुरू झाल्या. फोनवर प्रत्येकाचं वाक्य एकच. “काकू, आमचं जरा अर्जंट आहे हं.”

त्यावर काकूंचा प्रश्नही एकच. “खाणार कधी?”

या प्रश्नाने भलेभले गडबडायचे. एकाला नरकचतुर्दशीच्या पहाटे हवं होतं, ते ठीक. एकाच्या ऑफिसची पार्टी भाऊबीज उलटून गेल्यावर होती. एका बाईंनी बराच विचार करून सांगितलं, की खायचं असं नाही, पण घरात असावं. सासूबाई ‘अर्जंट’ लिहून घेत नव्हत्या. कालनिर्णयच्या चौकटीत फक्त तारीख टाकत होत्या, आणि मग तिथून मागे मोजत होत्या. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजणार, त्यांचं पाणी रोज बदलायचं, मग ते वाळवणं, दळणं, गूळ घालून पीठ काही दिवस मुरवणं. बेसनाचे लाडू टिकतात, ते आधी झाले तरी चालतात. ओल्या नारळाचं शेवटी. जोसेफ ऑर्लिकीने १९७५ साली जाडजूड पुस्तक लिहून कारखान्यांना हेच मागे मोजणं शिकवलं. ते लागू करायचे आम्ही तासावर पैसे घेतो.

तळणाच्या दिवशी तर मी नोकरीच सोडायची बाकी ठेवली. बायको लाटायला, सासूबाई कढईवर. क्रम त्यांनी ठरवलेला: शंकरपाळे पहिले, चिरोटे मधे, करंज्या शेवटी. शंकरपाळ्यांची एक पोळी लाटून कातण्याने कापली की ताटभर माल तयार, आणि कढईला पुष्कळ काम. करंजीचं उलट, सारण भरून मुरड घालायला वेळ, तळून चटकन होते. सेल्मर जॉन्सनने १९५४ साली गणिताने दाखवलं ते हेच. काम दोन मशिनांवर एकापाठोपाठ जाणार असेल, तर पहिल्यावर झटपट उरकणारं सुरुवातीला घ्या आणि दुसऱ्यावर झटपट उरकणारं शेवटी ठेवा. मी भारावून म्हटलं, “आई, हा तर जॉन्सनचा नियम!”

“कोण जॉन्सन?” त्या झारा न थांबवता म्हणाल्या. “कढई रिकामी ठेवून गॅस जाळायचा का? आणि करंजी फुटली की तेल गेलंच. ती आधी घालून बाकीच्याची वाट लावू का?”

चकलीला त्यांनी वेगळा दिवस दिला. तिखटाचा वास गोडाला नको. शाम्पूच्या कारखान्यात एका सुगंधावरून दुसऱ्यावर जाताना अख्खी लाइन धुवावी लागते, त्यात तासन्‌तास जातात, आणि तरी विक्रीसाहेब लव्हेंडरच्या मधोमध लिंबू घुसवायचे.

विक्रीखातं आमच्या घरातही होतंच. धनत्रयोदशीच्या आधी बायको म्हणाली, “आई, मीनलचं आधी करून टाकू ना, जवळची मैत्रीण आहे माझी.”

सासूबाई म्हणाल्या, “करू की. मग कोणाचं मागे ढकलायचं? ज्याचं ढकलशील त्याला फोन तूच करून सांग.”

बायकोने यादी खालून वर वाचली, वरून खाली वाचली आणि चकलीच्या सोऱ्याला तेल लावायला घेतलं.

दिवाळीनंतर मी त्या कारखान्यात एक छोटी सुधारणा करून घेतली. ऑर्डरीला १ टाकायचा असेल तर खाली दुसरा रकाना उघडतो: कोणती ऑर्डर मागे जाणार, आणि त्या गिऱ्हाइकाला कोण कळवणार, नावासकट. तो भरल्याशिवाय १ जतन होत नाही. दुसऱ्याच बैठकीत विक्रीसाहेबांनी मान्य केलं, की त्यांच्या जळत्या ऑर्डरींपैकी काहींच्या गिऱ्हाइकांनी मागचा मालच अजून उघडलेला नव्हता. वजा एकचं पुन्हा नाव निघालं नाही. फोरमनच्या खिशात चिठ्ठी अजून असते, पण आता तिच्यावर किराणा लिहिलेला असतो.

यंदाही सासूबाई येत आहेत. आमच्या भागातल्या वाचकांना विनंती एवढीच, की अनारसे हवे असतील तर कोजागिरीच्या आत कळवा आणि खाण्याची तारीख सांगा. नुसतं ‘अर्जंट’ सांगाल तर शंकरपाळे मिळतील.