कॉलेजची वर्षं कशी गेली?

परदेशात शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाला पदवीदानाच्या दिवशी ‘कॉलेजची वर्षं कशी गेली?’ असं विचारायला कायद्यानं बंदी असावी, अशा मताचा मी आहे. बंदी कायमची नको. मुलगा घरी परत येईपर्यंत, कामाला लागेपर्यंत आणि बॉण्ड फिटेपर्यंत असली तरी पुरे. त्या दिवशी त्याच्या अंगावर जो काळा झगा असतो तो बहुतेक ठिकाणी भाड्याचा असतो. ठरलेल्या वेळेच्या आत तो खिडकीवर परत करायचा असतो, कॉफीचा डाग पडला तर दंड असतो, आणि डोक्यावरच्या चौकोनी टोपीचा गोंडा कोणत्या बाजूला ठेवायचा हे शेवटपर्यंत कुणालाच नक्की माहीत नसतं. अशा अवस्थेतल्या माणसाकडून जी आठवण निघते तिच्यात पहिला बर्फ असतो, चुकलेली बस असते, करपलेली खिचडी असते, सात देशांचे सात मित्र असतात, एक प्रेमळ प्राध्यापक असतो आणि शेवटी शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे मनःपूर्वक आभार असतात. यातलं काही खोटं नसतं. फक्त यातलं काही त्याचं स्वतःचंही नसतं.

बोर्ली पंचतनसारख्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये. दिवेआगर, श्रीवर्धनच्या या पट्ट्यातल्या घरांचा एक डोळा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईवर आणि दुसरा आखातावर असतो. गिरणीतल्या चाकरमान्याचं पत्र ‘मी इथे खुशाल आहे’ असं सुरू व्हायचं आणि मनीऑर्डर किती तारखेला सुटेल एवढ्यावर संपायचं. खोलीत किती जण आळीपाळीनं झोपतात, हे त्या पत्रात नसे. पुढे दुबई, कुवेत, मस्कतहून मंडळी सुट्टीवर येऊ लागली. बॅगेतून अत्तर निघालं, जाडजूड ब्लँकेट निघालं, टँगचा डबा निघाला. उन्हातल्या साइटवरचे बारा तास मात्र निघाले नाहीत. गावानंही ते कधी उकरून काढले नाहीत. दूर गेलेला माणूस घरी काय सांगतो आणि काय गिळतो हे ओळखायची इतकी तालीम झालेल्या गावानं पदवीचा फोटो आला की मात्र एकदम भोळं व्हावं, हे नवल आहे. नाक्यावर फ्लेक्स लागतो. त्यावर झग्यातला मुलगा एका कोपऱ्यात आणि गॉगलवाले शुभेच्छुक उरलेल्या सगळ्या जागेत. विद्यापीठाच्या नावातला एक काना हमखास सुटलेला. खाली ‘गावाचं नाव साता समुद्रापार’. आता एवढं लागल्यावर त्या पोरानं तिकडून काय लिहावं? ‘दुसऱ्या सत्रात एका विषयात गटांगळी खाल्ली आणि दोन महिने कुणाशी बोललो नाही’ असं?

गाव तरी लांब असतं. देणारे पहिल्या रांगेत बसलेले असतात. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याकडून मनोगत मागणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्यानंच वाकून ‘आमटी कशी झालीय?’ विचारण्यातला प्रकार. उत्तर ठरलेलंच असतं आणि ते आमटीबद्दल नसतं. त्यात मनोगत देणाऱ्याचा जीव त्या क्षणी मागे वळून पाहण्याच्या स्थितीतच नसतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अभ्यासक्रम संपल्यावर आवराआवर करायला 60 दिवस मिळतात. वर्षभर काम करण्याची परवानगी घेतली तर त्यात बेकार राहायची मुभा एकूण 90 दिवसांची. म्हणजे ज्या दिवशी जग त्याला ‘सिंहावलोकन कर’ म्हणतं, त्याच दिवसापासून त्याच्या डोक्यात उलटी मोजणी चालू झालेली असते. सिंहानं असं अवलोकन कधी केलं नसेल. पुण्यात हीच गोष्ट उलट्या दिशेनं घडली. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर तिथे शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींचं ऑगस्ट 2021 मध्ये काबूलच बदललं. अभ्यास संपत आलेल्यांना प्रश्न पडला तो व्हिसा वाढेल का, आणि नाही वाढला तर जायचं कुठे, हा. त्यांच्यातल्या कुणाला त्या महिन्यात ‘पुण्यातल्या गोड आठवणी’ विचारणाऱ्याला माणूस म्हणावं की निवेदक?

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. 1915 मध्ये एम.ए. झालं. 1916 मध्ये ते न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. डॉक्टरेटसाठी प्रबंध छापून द्यावा लागे, तो 1925 मध्ये छापून झाला आणि पीएच.डी. पदरात पडली 1927 साली, तोवर ते मुंबईत वकिली करत होते आणि महाडचा सत्याग्रहही त्याच वर्षीचा. समारंभपूर्वक कोलंबियाच्या व्यासपीठावर ते उभे राहिले ते 5 जून 1952 रोजी, मानद पदवी घ्यायला. कॉलेज सोडल्यावर छत्तीस वर्षांनी! एवढ्या अवधीत आमच्याकडे माणूस निवृत्त होऊन नातवंडांना पाढे शिकवायला लागतो. आता पाहा, कोलंबियाच्या दिवसांबद्दल त्यांनी मोकळेपणानं कधी लिहिलं? तिथल्या वर्गमित्रांना आणि ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या प्राध्यापकांना त्यांनी आयुष्यातले उत्तम मित्र म्हटलं ते 1930 साली. आणि त्या वर्षांनी आपलं नेमकं काय केलं हे लिहिलं ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणात, 1930 नंतरच्या दशकात. परदेशातल्या मुक्कामानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि बडोदा स्टेशनवर उतरल्यावर ‘आता राहायचं कुठे?’ या प्रश्नानं ती परत जागी झाली, असा त्याचा आशय आहे. पुढे पारशी सराईतलं नाव बदलून राहणं आणि काठ्या घेऊन आलेला जमाव हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे न्यूयॉर्कनं दिलं काय, याचा पत्ता न्यूयॉर्कमध्ये लागला नाही. तो बडोद्याच्या फलाटावर लागला. 1915 साली कुणी त्यांना गाठून ‘अनुभव कसा होता?’ विचारलं असतं तर उत्तरात हे असणंच शक्य नव्हतं, कारण ते अजून घडायचं होतं.

आपल्या जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण घेऊ. चिंतामणराव देशमुख, बालपण रोह्याचं. 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनाच. ही शिष्यवृत्ती काही विलायतेची नव्हे, हे मान्य. पण माणूस पुढे विलायतेलाच गेला. 1917 मध्ये केंब्रिजला त्यांना वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं. त्या दिवशी रोहेकरांनी फ्लेक्स लावला असता तर त्यावर ‘भावी थोर वनस्पतिशास्त्रज्ञ’ असंच छापलं असतं, आणि 1943 मध्ये हे गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कॉलेजची वर्षं कशासाठी होती, ते कॉलेज संपताना कळत नाही, हेच मी घसा फोडून सांगतोय. देशमुखांनी आत्मचरित्र लिहिलं 1974 मध्ये. आणि बागमांडल्याच्या जेटीवरून जंगलात, म्हणजे फेरीबोटीत, बसून वेसवीला उतरलं की पलीकडे दापोली तालुक्यात मुर्डी लागतं, तिथले रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले. एवढा मान मिळवलेला पहिलाच भारतीय, आय.सी.एस.च्या पायघड्या समोर. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला, तेव्हा आले ते थेट फर्ग्युसनला, पंचाहत्तर रुपयांवर. त्यांचं आत्मचरित्र आलं 1961 मध्ये आणि त्याचं नाव त्यांनी क्रिकेटमधून उचललं: ‘एटी-फोर, नॉट आउट’. चौऱ्याऐंशी धावा झाल्यावर बोलायचं, टॉस झाल्या झाल्या नाही, हे त्यांना कळत होतं.

यावर ‘ताजी आठवण ती ताजी, म्हातारपणी सगळ्याला सोन्याचा मुलामा चढतो’ असा आक्षेप येईल, आणि तो कोकणात येऊ नये. सुपारीचा धंदा करणाऱ्यांनी तरी ताजेपणाचे गोडवे गाऊ नयेत. ओली सुपारी लागते. कानशिलं तापतात, घाम फुटतो, माणूस भिंतीला टेकतो. श्रीवर्धनी रोठा व्हायचा तर पिकली सुपारी सालासकट महिना-सव्वा महिना अंगणात उन्हात पडावी लागते, रोज वरखाली करावी लागते, तेव्हा कुठे ती सोलून बाजारात जाते. पदवीच्या दिवशीची आठवण अशीच लागते. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही. म्हाताऱ्यांच्या आठवणीला मुलामा असतो हे खरं. पण म्हाताऱ्याचा बॉण्ड फिटलेला असतो, त्याला कुणाकडून काही मागायचं नसतं, आणि ज्या प्राध्यापकाला नावं ठेवायची तो स्वर्गस्थ असतो. खोटं बोलण्याची कारणं इतकी कमी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच वयात नसतात. फुशारकी तेवढी राहते, ती चाळून घेता येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. थांबा म्हणता, पण ज्यांना थांबायला आयुष्यच मिळालं नाही त्यांचं काय? आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्या वर्षाअखेर परतल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झालेली होती ती तशीच राहिली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. वय पुरतं बावीसही नाही. इथे माझ्या बंदीच्या कायद्याला अपवाद ठेवायला हवा हे मी मुकाट्यानं कबूल करतो. पण त्या समारंभाचा थाट तरी आठवा. पंडिता रमाबाई मुद्दाम विलायतेहून आलेल्या, सभागृह भरलेलं, आणि पतिराज गोपाळराव जातीनं अमेरिकेत हजर. बायकोला शिकवण्याच्या हट्टापायी जग पालथं घातलेला आणि ती शिकल्यावर अमेरिकेतच अमेरिकेला शिव्या देत व्याख्यानं झोडणारा हा गृहस्थ समोर असताना ‘कशी गेली वर्षं?’ याचं उत्तर कोण देईल? उत्तर आनंदीबाईंनी दिलेलंच आहे, व्यासपीठावरून नव्हे, तीन वर्षांच्या पत्रांतून. नवऱ्याच्या टोमण्यांना नम्र भाषेत दिलेले सडेतोड जबाबही त्यांत आहेत. थांबणं शक्य नसेल तर पत्रं पाहावीत. आताच्या काळात पत्रं नाहीत, पण रात्री अडीच वाजता धाकट्या बहिणीला पाठवलेले मेसेज आहेत. ते तिच्याकडेच राहू द्यावेत.

आणि कृतज्ञता? ती ढोंग असते असं म्हणायचंय का? मुळीच नाही. बाबासाहेबांचा दहा वर्षांचा करार बडोद्यात काही दिवसांतच मोडून पडला, राहायला जागा मिळाली नाही म्हणून. आणि तरी 1925 च्या त्या छापील प्रबंधाची अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावानं आहे. कुणी फॉर्मवर सही मागितली नव्हती, पहिल्या रांगेत कुणी बसलं नव्हतं. अशी कृतज्ञता समारंभात तीन मिनिटांत मागून मिळत नाही, एवढंच मी म्हणतोय.

तरीही लोकांना त्याच दिवशी काहीतरी ऐकायचंच असतं, मोबाइल समोर धरलेलाच असतो. तर मग तत्त्वज्ञान सोडून हिशेब विचारावा. बर्फ कसा होता हे नको. खोलीचं भाडं किती, डाळ कुठल्या दुकानात स्वस्त, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तेव्हा कशावर भागवलं, जामीनदार कोण राहिलं. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवून उरलेल्यात जुन्या पुस्तकांचे ढीग विकत घेणाऱ्या माणसाची वर्षं कशी गेली, हे त्या आकड्यावरून जेवढं कळतं तेवढं दहा भाषणांतून कळणार नाही. शिवाय त्याचा उपयोग आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या वर्षाला अवघ्या 125 जागा. राज्याची राजर्षी शाहूंच्या नावाची आहे. त्यांच्यासाठी बोर्लीतून पुढच्या वर्षी कुणी पोरगी अर्ज भरणार असेल, तर श्रीवर्धनच्या तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभं असताना तिला ‘स्वप्नं मोठी पाहा’ याचा काडीचा उपयोग नाही. पहिला हप्ता हातात येईपर्यंत किती पैसे जवळ लागतात, हे तिला हवंय. हा आकडा पदवीधर सांगणार नाही, त्या दिवशी तर नाहीच. तो त्याच्या आईला विचारावा. कुणाकडून किती उसने घेतले, पाटली कुठल्या पतपेढीत आहे आणि व्याज कितीवर आलंय, हे तिला पैशासकट पाठ असतं.