शेणाच्या भाष्यकारास खुले पत्र

प्रति,
प्रमुख वक्ते, सावित्रीबाई फुले जयंती, ३ जानेवारी
मु. पो. खेडमधले कोणतेही व्यासपीठ

स. न. वि. वि.

यंदाही तुमचं भाषण ऐकलं. सावित्रीबाई घरातून निघाल्या, शेण आलं, दगड आले, पिशवीतली दुसरी साडी आली, टाळ्या आल्या, शाल-श्रीफळ आलं. शेण मारणाऱ्यांचं इतकं नेमाने स्मरण त्यांच्या नातवंडांनीही केलं नसेल!

बाई कवी होत्या, एवढंच कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच. ‘काव्यफुले’ १८५४ साली छापलं गेलं. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. पुस्तकात चाफा आहे, जाई आहे, फुलपाखरू आहे. ‘इंग्रजी माउली’ही आहे. ती तुम्ही टाळता, ते समजू शकते. मराठी शाळांवर गळा काढून झाला की नातवाला आणायला इंग्रजी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं असतं ना.

बाईंनी फक्त सोसलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? १८६८ साली नायगावहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, ते वाचा. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश आणि महार समाजातली शारजा यांचं प्रेम जमलेलं, शारजा गरोदर. गाव दोघांना मारायला निघालं होतं. बाई मधे पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना वाचवून जोतीरावांकडे धाडलं. त्या दिवशी पळता भुई थोडी झाली ती गावाला. पण या गोष्टीत शेण नाही. म्हणजे तुमची पंचाईत.

आणि ते ‘पुण्यातले सनातनी’! हे शब्द उच्चारताना तुमच्या चेहऱ्यावर केवढं समाधान असतं. घाण काय ती घाटावर, आम्ही कोकणातले धुतल्या तांदळासारखे. तर ऐका. आपल्याच तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्याबद्दल कर्व्यांवर बहिष्कार टाकला तो शेजारच्या दापोलीतल्या मुरुडने, त्यांच्या स्वतःच्या गावाने. त्याच वर्षी सासवडला सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. तुमच्या व्यासपीठावर मात्र झाडून सगळे पुरुष. मुली होत्या म्हणा, स्वागतगीताला आणि गुलाबाची फुलं द्यायला.

पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलवायचं मंडळाने ठरवलंय. विषय मी सुचवलाय, ‘१८९३ सालचं मुरुड’. भाषणानंतर आठवीतल्या मुली ‘काव्यफुले’वर तुम्हाला प्रश्न विचारतील. पुस्तक वाचनालयात मागून घ्या, तुमच्या नावावर नोंदवायला सांगितलंय. मानधन प्रश्नोत्तरं झाल्यावर मिळेल.

आपली,
मागच्या रांगेतली एक श्रोती