राणीसाहेब घर सोडतात तेव्हा

सिल्वासात गच्ची हाती आली की माणूस आधी तुळस लावतो, मग कढीपत्ता. आणि डोकं फारच चालायला लागलं तर मधपेटी आणतो. सोबत धूर करायचं यंत्र आणि तोंडावर ओढायची जाळीही येते. पेटी टेकायच्या आधीच नातेवाइकांना बरण्या कबूल झालेल्या असतात.

पेटीत बहुधा सातेरी असते, झाडाच्या ढोलीत शेजारी शेजारी पोळी बांधणारी आपली देशी माशी. आग्या मोहोळासारखी ती जिवावर उठत नाही. तिचं हत्यार निराळं. ती घर सोडून जाते. मुंग्या आल्या, मेणकिड्यानं पोळ्यात जाळी धरली, ऊन तापलं, किंवा मालकानं पाहुण्यांना कौतुक दाखवायला वारंवार झाकण उघडलं, की एका सकाळी राणीसकट सगळा परिवार पसार. अधिकमासात जावयाचेही एवढे मानपान होत नाहीत, आणि तो रुसला तर निदान बोलून तरी दाखवतो.

मुंग्यांवर उपाय सोपा: घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. वाट्या नेमक्या मालक वापीला गेला की कोरड्या पडतात, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

खरी परीक्षा पावसाळ्याची. दमणगंगेच्या खोऱ्यात पाऊस असा कोसळतो की माशीला दारातून डोकं काढणं मुश्कील, आणि निघालीच तर फुलांतला मकरंद धुऊन गेलेला. मग साखरेचा पाक. तोही संध्याकाळी द्यायचा, कारण दिवसा ठेवला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. मधुमेहामुळे स्वतः बिनसाखरेचा चहा पिणारा गृहस्थ माश्यांसाठी पातेलंभर साखर विरघळवत उभा राहतो. पुढे उन्हाळ्यात रसवंतीच्या चरकाभोवती माश्या घोंघावताना दिसल्या की त्या आपल्याच, असा त्याला संशय येतो. ओळखपरेड काही शक्य नसते.

सीमेचं भय मात्र माशीला नाही. शेजारी दारूबंदीचा गुजरात. तिकडे जाताना माणसाच्या पिशव्या तपासल्या जातात, माशी पोट भरून बिनधास्त ये-जा करते.

या नादात भलेभले पोळलेत. जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबर आंधळे होते. नोकराच्या डोळ्यांनी माश्या पाहत त्यांनी १७९२ साली जो ग्रंथ काढला, तो डोळस अभ्यासकांनाही शिकवून गेला. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांना १८५१ मध्ये उमगलं की सहा ते नऊ मिलिमीटरची फट सोडली तर माश्या ती बुजवत नाहीत. त्यातून उचलून काढता येणाऱ्या चौकटींची पेटी झाली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळालं, जगानं पेटी उचलली, पैसे द्यायचे तेवढे विसरलं. केरळात १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूनं देशी माश्यांच्या बहुतेक वसाहती संपवल्या. अळ्या पाण्यानं भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरत. मधपाळांनी तग धरलेल्या थोड्याशा वसाहती वाढवत पुन्हा पेट्या भरल्या. गच्चीवरच्या माणसाची मुंग्यांची तक्रार यापुढे फारच किरकोळ, पण हे त्याला त्या घटकेला सांगू नये.

सल्ला मागायला तो पुण्याला जातो. तिथे १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघरही पाहून येतो. २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेल्या त्या गावात लोक पेट्यांशी इतक्या सहजपणे वावरतात की त्याला थोडा रागच येतो.

परतल्यावर तो शहाणपणानं रिकाम्या पेटीला आतून मेण चोळतो, सावलीत ठेवतो आणि थवा आपणहून येईल म्हणून वाट पाहतो. थवा येतोही. फक्त पेटीऐवजी त्याला सोसायटीच्या विजेच्या मीटरची खोकी पसंत पडते. सोसायटीत मधमाश्यांतलं कळणारा माणूस एकच, अध्यक्ष त्यालाच हाक मारतात, आणि मीटर वाचायला आलेला कर्मचारी म्हणतो, "साहेब, आणखी एक जाळी आहे का?"